पन्नास ओहमचा डबा

९ जानेवारी

ती. भाऊसाहेब,

नमस्कार. साष्टांग घातला असता, पण माझ्या रेडिओच्या खोलीत आता आडवं व्हायला जागा उरलेली नाही.

घरात टेलिफोन असताना साडू पत्र का लिहितो, असं तुम्ही ताईंना विचाराल. आमचा फोन खरखरतो, हे एक. दुसरं म्हणजे तुमच्याशी फोनवर बोलायचं तर मी 'हॅलो' म्हणायचं आणि बाकीचं सगळं तुम्ही म्हणायचं. पत्रात निदान माझी पाळी मला पुरती मिळते.

काम असं आहे. मला डमी लोड घ्यायचाय. माझ्याकडचा तो काडेपेटीएवढा पाच मिनिटांत इतका तापतो की हात लावू देत नाही. मला असा हवा की शंभर वॅटच्या सेटवर तासभर सलग बोललं तरी त्यानं तक्रार करू नये. तेलातला घ्यावा की ॲल्युमिनियमच्या पात्यांचा कोरडा? आणि त्यातून आवाज बाहेर किती पाझरतो? शेजारच्या गल्लीत ऐकू जाईल का? तुमच्या गावापर्यंत जाण्याचा तर प्रश्नच नाही ना?

रविवारी सकाळी सेटवर होणाऱ्या आपल्या हौशी रेडिओवाल्यांच्या हजेरीला येत नाही म्हणून रागावू नका. अँटेनाच्या तारेचं काम निघालंय.

आपला,
धाकटा साडू

१७ जानेवारी

प्रिय उद्घोषक,

तीस वर्षं बसस्टँडच्या भोंग्यातून 'गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे' असं ओरडून तू लोकांची झोप उडवलीस. आता निवृत्त झाल्यावर कुणालाही ऐकू जाऊ नये अशी सोय शोधतोयस. उशिरा का होईना, अक्कल आली म्हणायची.

डमी लोड म्हणजे काय हे पुन्हा सांगतो, कारण तुझ्या पत्रावरून तू ते विसरलेला दिसतोस. अँटेनाच्या जागी लावायचा पन्नास ओहमचा रेझिस्टर. सेटला वाटतं अँटेना मिळाली, सेट खूश. सगळी ताकद त्या डब्यात शिरते, तापते आणि संपते. सेटची दुरुस्ती करताना आपल्या शिट्ट्या दुसऱ्यांच्या कानात जाऊ नयेत म्हणून ही सोय. वापर किती, तर दहा सेकंद, फार तर वीस. तुला तास हवाय. कुणी ऐकणार नाही असं तासभर भाषण करायचं असेल तर डबा कशाला लागतो? लग्न झालंय की तुझं.

आमच्या प्रक्षेपण केंद्रात डमी लोड होता, खोलीएवढा. थंड राहावा म्हणून त्यातून पाणी खेळवायला पंप लावलेले. दहा हजार वॅट मुकाट गिळायचा. अगदी आमच्या मोठ्या साहेबांसारखा, काहीही सांगा, चेहरा तोच. पण तोसुद्धा आम्ही तासभर नाही चालवला.

आवाज पाझरण्याचं म्हणशील तर चांगला डबा असेल तर अंगणाबाहेर जात नाही. तू एखादा कट शिजवत असलास तर आधी कळव, मी सामील होईन.

रविवारी सातला तुझं नाव पुकारलं. उत्तर नाही. हा तुझा आठवा रविवार. मी सगळ्यांना म्हटलं, 'उद्घोषक अनिश्चित काळ उशिरा धावत आहेत, प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी.' शिंपी आणि होमिओपॅथ पाच मिनिटं हसत होते.

तुझा,
भाऊसाहेब (वेळेवर धावणारा)

२४ जानेवारी

ताई,

हे पत्र भाऊजींच्या हाती पडू देऊ नकोस. वाचलंस की फाडून टाक.

अँटेनाच्या तारेला काही झालेलं नाही. बावीस नोव्हेंबरला सकाळी चूळ भरताना ह्यांच्या ओठातून पाणी ओघळायला लागलं. डावा हात लुळा पडला. हात आठ दिवसांत आला, चेहरा पंधरा दिवसांत सरळ झाला. जीभ आली नाही. शब्द सगळे डोक्यात आहेत, लिहितात तर नेहमीसारखंच तिरकस, ते तू वाचतेच आहेस. पण बोलायला गेले की तोंडात कापूस कोंबल्यासारखं होतं. डॉक्टरांनी सांगितलंय, रोज तासभर मोठ्यानं बोललं पाहिजे, कुणाशीही बोला, पण बोला. सहा महिन्यांत जेवढं येईल तेवढं आलं, पुढे कठीण आहे.

आणि हे बोलतच नाहीत, ताई. माझ्याशीसुद्धा नाही. बोट दाखवतात, पाटीवर लिहितात. दाराची बेल वाजली की न्हाणीघरात जाऊन बसतात. आयुष्यभर ज्याच्या आवाजावर गाड्या सुटल्या तो माणूस दूधवाल्याला भितो.

फक्त त्या खोलीत, मायक्रोफोन हातात घेऊन बोलतात. पाटीवर लिहून मला समजावलं, की बटण दाबून बोललं की मीटरचा काटा आवाजाबरोबर उडतो. काटा उडाला म्हणजे आवाज निघाला. मी म्हटलं, मग अँटेनावर बोला की. तर पाटी पुसली आणि लिहिलं, 'घड्याळजी'.

तुला आठवत असेल. तुमच्याच गावचा, घड्याळं दुरुस्त करणारा, बोलताना अडखळायचा तो. भाऊजींनी एका रविवारी सगळ्यांसमोर त्याची नक्कल केली होती, आणि पुढच्या महिन्यात त्यानं सेट विकून टाकला. आमच्या ह्यांनी त्याखाली अजून दोन शब्द लिहिले. 'मी हसलो.'

म्हणून तो डबा हवाय. भाऊजींना काही सांगू नकोस, माझी शपथ आहे.

तुझी,
बेबी

२ फेब्रुवारी

बेबी,

दोन महिने मला कळवलं नाहीस. त्याबद्दल तुझे कान भेटल्यावर धरीन. पत्र फाडलेलं नाही, इस्त्रीच्या कपड्यांखाली ठेवलंय. तिथे ह्यांचा हात आजवर पोचलेला नाही.

ह्यांना सांगणार नाही. सांगितलं तर आधी रडतील, आणि रडून झालं की रविवारी सात वाजता सगळ्या देशाला सांगतील. पोटात एक गोष्ट ठरत नाही ह्यांच्या. पण मग ह्यांची ती पत्रं थांबवू का? सध्या घरभर फिरत साडूला पुढचं काय लिहायचं त्याच्या तालमी चालतात, आणि स्वतःच्याच विनोदाला स्वतःच हसतात. मला आता ते ऐकवत नाही.

मी येऊ का तिकडे? एका शब्दानं कळव.

ताई

१० फेब्रुवारी

ती. भाऊसाहेब,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा अशासाठी की पहिल्या वाचनात त्यात उत्तर सापडलं नाही. दुसऱ्यातही नाही.

तेव्हा स्वतःच डोकं चालवलं. घरात पाणी तापवायची कॉइल आहे. मीटरवर मोजली तर बावन्न ओहम भरली. म्हटलं, पन्नास आणि बावन्नमध्ये काय मोठं अंतर. बादलीत पाणी भरून ती बुडवली आणि सेटला जोडली. पाणी उकळेपर्यंत बोलायचं, म्हणजे दिवस काढता येईल. बटण दाबलं, तर परतीच्या ताकदीचा काटा पार टोकाला जाऊन आपटला आणि सेटनं स्वतःला बंद करून घेतलं. सेट वाचला, पण कॉइलचा प्लग मी आधीच कापला होता, म्हणून बेबीनं दोन दिवस अंघोळीचं पाणी स्टोव्हवर तापवलं.

असं का झालं, हे टोमणा न मारता सांगता आलं तर सांगा. नाही आलं तर टोमण्यासकट सांगा, पण सांगा.

आपला,
धाकटा साडू

१८ फेब्रुवारी

प्रिय उद्घोषक,

शंभर वॅटचा परदेशी सेट अंघोळीच्या बादलीला जोडणाऱ्या माणसाला माझ्या बायकोची बहीण दिलेली आहे, हे मी गेले तीन दिवस कुणालाही सांगितलेलं नाही. चौथ्या दिवशी रविवार होता. शिंपी विचारत होता, बादली प्लास्टिकची की पितळेची.

ऐक. तुझा मीटर बॅटरीनं मोजतो. बॅटरीला कॉइल ही नुसती लांब तार वाटते. रेडिओच्या लहरीला तीच गुंडाळी बंद दारासारखी आडवी येते. म्हणून डमी लोडमध्ये गुंडाळीचा रेझिस्टर कधी घालायचा नसतो. कार्बनचे हजार ओहमचे वीस रेझिस्टर घे, सगळ्यांची डोकी एकीकडे आणि सगळ्यांचे पाय दुसरीकडे जोड, पन्नास ओहम झाले. रंगाचा दोन लिटरचा रिकामा पत्र्याचा डबा घे, त्यात ते सोड आणि वरून ट्रान्सफॉर्मरचं तेल ओत. झाकणाला भोक ठेव, नाहीतर तेल फुगून झाकण उडेल आणि तुझ्या घरातला एकमेव आवाज तोच असेल. कोरड्यापेक्षा तुला हाच बरा. हळू तापतो, हळू निवतो, आणि तुझ्यासारख्या पाल्हाळिकाला पुरतो.

आता खरं बोलतो. तुला डमी लोड कशाला हवाय तेच मला कळत नाही. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. आणि एक आठवण करून देतो. सहा महिने हजेरी नाही तर यादीतून नाव कमी, हा नियम आहे. तुझ्याच अक्षरात आहे, तूच लिहिला होतास. घड्याळजीचं नाव त्याच नियमानं गेलं. तुझी मुदत मेच्या शेवटच्या रविवारी संपते. त्या दिवशी सात वाजता तुझी कॉलसाइन ऐकू आली नाही तर मी नावावर रेघ मारीन. साडू म्हणून सवलत नाही.

भाऊसाहेब

८ मार्च

ताई,

येऊ नकोस. आणि भाऊजींची पत्रं अजिबात थांबवू नकोस.

बादलीवालं पत्र ह्यांनी वाचलं. कान लाल झाले. तडक खोलीत जाऊन दार लावलं. मी बाहेर उभी. आधी नुसतं घूं घूं. मग अगदी स्पष्ट, मला स्वयंपाकघरात ऐकू जाईल इतकं स्पष्ट आलं, 'गाढव.' ताई, नोव्हेंबरपासूनचा पहिला धड शब्द. मी ओट्याला टेकून रडले.

तो डबा आता झालाय. पांढऱ्या रंगाचा होता, बाजूनं ओघळ अजून तसेच आहेत. आता रोजचा क्रम असा, की सकाळी ते पत्र घेऊन बसतात आणि एकेका ओळीला तोंडी उत्तर देतात. सुरुवातीला स्वतःची कॉलसाइन, ती परवान्यावरची ओळखीची अक्षरं, सांगतात, नियम म्हणजे नियम, डब्यात बोलायचं असलं तरी. तिचं शेवटचं अक्षर अडतं. रेडिओवर आर म्हणायला 'रोमिओ' म्हणावं लागतं, आणि ह्यांचा रोमिओ अर्धा तास दारातच उभा असतो. पण उभा असतो हे काही थोडं नाही.

मी दार उघडत नाही. हे अंघोळीला गेले की हळूच जाऊन डब्याला हात लावते. कोमट असला तर पंधरा मिनिटं बोलले. चांगला गरम असला तर तास. काल इतका गरम होता की मी त्यावर ह्यांचा रुमाल वाळवला. म्हणून सांगते, जितकं लागट लिहितील तितकं बरं. मऊ पत्र आलं त्या आठवड्यात डबा गार पडेल.

बेबी

१६ मार्च

बेबी,

म्हणजे जन्मभर ज्या जिभेला मी नावं ठेवली ती औषधी निघाली.

आता टपालात टाकायच्या आधी पत्र मी वाचते. मीठ कमी वाटलं की नुसतं म्हणते, 'एवढंच? थकलात वाटतं.' लगेच दुसरा कागद घेतात. नवऱ्याला हवं तसं वळवायला चाळीस वर्षं लागली, पण जमलं.

एक मात्र सांगते, ते तुझ्या पोटात ठेव. ह्यांना वाटतंय साडू रुसलाय. रविवारी हजेरी घेताना बाकीच्यांची नावं भराभर घेतात. तुझ्या नवऱ्याचं नाव पुकारलं की खुर्ची पुढे ओढतात, कान स्पीकरला लावतात आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबतात. मग काहीतरी विनोद करतात. सगळे हसतात. हे हसत नाहीत. मला राग येतो ह्यांचा, आणि दयाही येते.

ताई

२० एप्रिल

प्रिय उद्घोषक,

पाच आठवडे उरले.

तुझा डबा तयार झाला, एसडब्ल्यूआर, म्हणजे परतणाऱ्या ताकदीचं माप, एकास एक भरतो, असं तू मोठ्या अभिमानानं कळवलंस. भरणारच. डमी लोड ही जगातली सर्वांत आदर्श अँटेना आहे. वादळात पडत नाही, शेजाऱ्याच्या झाडाला अडकत नाही, आणि तिच्यावरून आजपर्यंत कुणाचाही कुणाशी वाद झालेला नाही, कारण कुणी कुणाला ऐकलेलंच नाही.

बेबीची ताई म्हणते मी हल्ली मिळमिळीत लिहितो. म्हणून एकदाच स्पष्ट लिहितो. आवाजाचा माणूस म्हणून तू गावभर मिरवलास. पण तीस वर्षं तू वाचलास तो दुसऱ्यानं लिहिलेला कागद. गाडी कुठली, फलाट कुठला, हे वरून यायचं. तुझं स्वतःचं वाक्य त्यात एकही नव्हतं. आता वरून कागद यायचा थांबला, तर तुला बोलायला काही सुचत नाही, आणि ते लपवायला तू डब्यात तोंड घालून बसलायस. हा माझा अंदाज. चुकत असेन तर रविवारी सात वाजता येऊन सांग. पत्रातून सांगू नकोस, पत्र काय कुणीही लिहितं.

भाऊसाहेब

११ मे, रविवार

ताई,

मला काही कळेनासं झालंय, म्हणून घाईनं लिहितेय.

भाऊजींचं एप्रिलचं पत्र फार जहरी होतं. तू मीठ म्हणाली होतीस, हे तिखट होतं. ह्यांनी ते दोन आठवडे रोज उघडून पुन्हा पाकिटात घातलं. आज सकाळी साडेसहाला ते घेऊन खोलीत गेले. रविवारी आधी थोडा वेळ नुसते ऐकत बसतात, तुमच्याकडचं कोण कोण आलंय ते. मग स्विच फिरवून डब्यावर बोलतात. आज बोलले, ताई. सात वाजायला दोन मिनिटं कमी असेपर्यंत बोलले. मी चहा घेऊन दाराशी उभी होते, चहावर साय धरली.

मग हे अंघोळीला गेले आणि मी डब्याला हात लावला. डबा गार. रात्रभर पडून असलेल्या दगडासारखा गार. मी दोन्ही हात लावून पाहिले. मग एवढा अर्धा तास बोलले ते गेलं कुठे? सेट बिघडला असेल का? स्विचचं मला काही समजत नाही, म्हणून हात लावला नाही. ह्यांना विचारलं तर मी चोरून डबा चाचपते हे कळेल.

बेबी

१६ मे

बेबी,

ते आमच्या घरात आलं.

डबा गार होता कारण स्विच अँटेनावरच राहिला होता. ऐकून झाल्यावर तो फिरवायचा तुझा नवरा विसरला. साडेसहाला हे सेट लावून बसले होते, मी कणीक मळत होते. आधी कॉलसाइन आली. मी ओळखली, पण आवाज ओळखला नाही. जड, ओढत चाललेला. शेवटचं अक्षर येईना. 'रो' म्हणून थांबला, पुन्हा 'रो', आणि मग एकदम 'मिओ'. ह्यांचा हात बटणाकडे गेला होता. नक्कल करायला गेला असेल, मला खोटं बोलायचं नाही. पण तेवढ्यात पुढचं वाक्य आलं, 'भाऊसाहेब, तुमच्या पत्राला उत्तर देतोय,' आणि हात तिथेच राहिला.

सगळं बोलले, बेबी. नोव्हेंबर, चूळ, पाटी, दूधवाला. म्हणाले, माझं स्वतःचं वाक्य तुम्हाला हवं होतं ना, मग ऐका. आणि म्हणाले, 'घड्याळजीला तुम्ही घालवलंत. मी हसून मदत केली. आता तो माणूस मी आहे, आणि मला तुमची भीती वाटते.' एवढं एक वाक्य बोलायला त्यांना किती वेळ लागला ते मी भिंतीवरच्या घड्याळात पाहत होते.

ह्यांनी हात मागे घेतला. कागद ओढला आणि त्यावर मला लिहिलं, 'सगळ्यांना फोन कर. कुणीही बटण दाबायचं नाही.' मी पिठाच्या हातानं सात फोन केले. शिंपी फोनवर नुसता हुंकारला, तो आधीपासून ऐकत होता. सगळेच ऐकत होते. अर्धा तास कुणी हूं की चूं केलं नाही.

झाल्यावर विचारलं, 'तुला माहीत होतं?' मी म्हटलं हो. 'कधीपासून?' म्हटलं जानेवारीपासून. सातची हजेरी घेतली, तुझ्या नवऱ्याचं नाव पुकारलं नाही. दुपारी टेबलावरचं घड्याळ पिशवीत घालून बाहेर पडले. ते घड्याळ नीट चालतं, बेबी, मी रोज किल्ली देते. दोन तासांनी परत आले ते रिकाम्या पिशवीनं. काय झालं विचारलं तर म्हणाले, 'दुरुस्तीला टाकलंय.'

आता मला बजावून ठेवलंय, की आपण ऐकलं हे साडूला कळता कामा नये. कळलं तर तो पुन्हा तोंड मिटेल. तूही कळू देऊ नकोस.

ताई

१८ मे

प्रिय साडू,

पत्राला उशीर झाला. हवा बदलती असल्यानं बरं वाटत नव्हतं.

तेलाचा डबा तू उत्तम निवडला आहेस. मोठा घ्यायची गरज नाही. वापर नियमित चालू ठेव, तेल जुनं झालं तर कळव, मी पाठवीन. तासभर वापरणं काही वावगं नाही. मी वीस सेकंद म्हटलं होतं ते चूक होतं.

सहा महिन्यांचा नियम सर्वानुमते रद्द केला आहे. तुझं नाव यादीत आहे आणि राहील. यायची घाई करू नकोस. बादलीचा विषय आमच्यात संपला आहे.

बेबीला आशीर्वाद. प्रकृतीची काळजी घे.

तुझा,
भाऊसाहेब

२२ मे

ती. भाऊसाहेब,

तुमचं पत्र मिळालं. चार वेळा वाचलं, एकही टोमणा सापडला नाही. इतकं सभ्य पत्र तुमच्या हातून आलं म्हणजे एकतर तुम्ही आजारी आहात किंवा तुम्हाला कळलंय. ताईंचं पत्र आल्यापासून बेबी माझ्याकडे पाहून डोळे पुसते, त्या अर्थी आजारी नसावात.

मला त्याच सकाळी कळलं होतं. बोलून झाल्यावर मी डब्याला हात लावतो. बेबीही लावते, तिला वाटतं मला माहीत नाही. झाकणावर तिच्या पिठाच्या बोटांचे ठसे असतात. त्या दिवशी मी हात लावला तर डबा गार. मान वर करून पाहिलं तर स्विच अँटेनावर. भाऊसाहेब, पुन्हा झटका येतो की काय असं वाटलं. तसाच स्पीकरला कान लावला. म्हटलं, आता हसतील. आधी तुम्ही, मग शिंपी, मग रांगेनं सगळे. दोन मिनिटं नुसती खरखर होती. पंचवीस वर्षांत रेडिओवरच्या त्या आपल्या जागेवर एवढी शांतता मी ऐकलेली नाही. मग अंघोळीला गेलो. अंघोळ करताना एकटाच मोठ्यानं 'रोमिओ' म्हणालो, तर आला.

बोललो त्यातलं काही मागे घेत नाही. मार्चमधलं 'गाढव'सुद्धा नाही. तुम्ही ते ऐकलेलं नाही, ताईंना विचारा.

तो नियम मी लिहिलाय. तो रद्द करायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? परत लावा. पंचवीस तारखेला सात वाजता माझं नाव पुकारा. पण यादीत माझ्या आधी घड्याळजींचं नाव होतं. ते आधी पुकारा. त्यांच्या घरी सेट नसला तरी ते तुमच्याकडे येऊन बसू शकतात, तुमचं घड्याळ त्यांच्याकडे पडलंयच, हे बेबीच्या तोंडून निसटलं. ते जेवढा वेळ घेतील तेवढा त्यांना द्या. मग मला. मला माझ्या शेवटच्या अक्षराला चार सेकंद लागतात, तेवढे थांबा. आणि हसू आलं तर दाबू नका. बटण दाबून हसा, मला ऐकू येईल असं. पाठीमागे हसलेलं मला आता सोसत नाही, तोंडावर हसलेलं सोसतं.

डमी लोडचं माझं काम झालंय. तो लाकडी खोक्यात, भुसा भरून, आजच्याच पार्सलनं तुमच्याकडे पाठवतोय. तेल काढून घेतलंय, तुमचं तुम्ही भरा. माझ्यापेक्षा तुम्हाला त्याचा जास्त उपयोग आहे. कुणाबद्दल काही सुचलं की आधी त्यात बोला, आणि मग हात लावून बघा. तापला असेल तर बाहेर बोलू नका.

आपला,
धाकटा साडू